तिनं मोदक घेतला नाही

पत्र असं आहे :

«मावशी, आम्ही दांडिया बाजारात राहतो. मुलगा पुण्याला असतो, वरची खोली रिकामी, म्हणून युनिव्हर्सिटीत एम.एस्सी. करणारी एक मुसलमान मुलगी पेइंग गेस्ट ठेवली. भरूचकडची आहे. शांत, पैशाला चोख, मला काकू म्हणते. गेल्या वर्षी गणपतीत ती गावी गेली होती. या वर्षी घरीच होती. आरतीला बोलावलं तर दाराशी उभी राहिली, टाळ्या वाजवल्या नाहीत. मोदक पुढे केला तर हात जोडून म्हणाली, ‘काकू, माफ करा, देवाला दाखवलेलं मी खात नाही.’ चार बायका बसलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तर मुलाच्या आजारपणात दर्ग्यावर चादर चढवली आहे, नाताळात चर्चमध्ये मेणबत्ती लावते. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात ना? मग हिला एक मोदक का जड व्हावा? ईदला तिनं डबाभर शीरखुर्मा आणला, तो मी हसून घेतला. (आम्ही खाल्ला नाही, कामवालीला दिला, पण तिला तसं जाणवू दिलं नाही.) हे म्हणतात, परीक्षा झाली की खोली रिकामी करून घे. शेजारीही तेच म्हणतात. काय करू? – एक बडोदेकर»

ताई,

खोली रिकामी करून घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पुढचं सगळं त्या मोदकाबद्दल.

तुम्हाला लागलं, ते खोटं नाही. एकवीस मोदक वळून उठताना कंबर काय म्हणते ते मला ठाऊक आहे. त्यात पुढे केलेला हात चार बायकांदेखत तसाच मागे घ्यायचा म्हणजे अवघडच. तिनं सकाळीच स्वयंपाकघरात येऊन कानावर घातलं असतं तर बरं झालं असतं, हेही खरं. पण बावीस-तेवीस वर्षांची पोर, परक्या घरात, पहिल्यांदाच गणपती बघणारी. तिला आधी सुचायचं कसं? ऐन वेळी तिनं हात जोडले, माफी मागितली आणि एका वाक्यात कारण सांगितलं. आमच्याकडचे जावई इतक्या नीट नाही म्हणत नाहीत.

मला अडलं ते दुसऱ्याच वाक्यापाशी. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात ना?’

हे वाक्य मीही तीसेक वर्षं येता-जाता वापरलंय. नोकरीत माझ्या शेजारच्या टेबलावर आणंदकडची एक ख्रिस्ती बाई होती. एकदा चहा पिता पिता मी मोठ्या मनानं म्हणाले, ‘अहो, तुमचा येशू म्हणजे आमचा कृष्णच की.’ तिनं बशी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, ‘मग तुमच्या कृष्णाला क्रुसावर केव्हा चढवलं?’ मला उत्तर देता आलं नाही. आपण तिला जवळ घ्यायला गेलो आणि तिच्या धर्मातली सगळ्यांत मोठी गोष्टच पुसून टाकली, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

एका येशूचंच बघा. ख्रिस्ती माणसासाठी तो देवाचा पुत्र आहे, क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. हे काढून घेतलं तर त्याच्या धर्मात काही उरत नाही. मुसलमानही त्याला मानतात, पैगंबर म्हणून. कुराणातल्या एकोणिसाव्या सूरेला, म्हणजे अध्यायाला, त्याच्या आईचं, मरियमचं नाव आहे. पण देवाला पुत्र असतो हे त्यांना मान्य नाही, आणि त्याला क्रुसावर मारलं गेलं नाही असं कुराण स्पष्ट म्हणतं. ज्या यहुद्यांमध्ये तो जन्मला ते त्याला मसीहा मानत नाहीत. तिघं अब्राहामाचं नाव घेणारे, तिघं एकच देव मानणारे, आणि एका माणसाबद्दल तिघांची तीन म्हणणी. आपल्या अंगणातले जैन आणि बौद्ध तर जग निर्माण करणारा देवच मानत नाहीत. आता हे सगळे ‘एकच’ सांगतात म्हणायचं तर प्रत्येकाचं अर्धं म्हणणं ऐकलंच नाही असं होईल. खोटं बोलू नये, चोरी करू नये, आईबापांना सांभाळावं, एवढं सगळे सांगतात. पण तेवढं तर शाळेतल्या मास्तरीणबाईही सांगतात.

आता मोदकाकडे या. देवाला दाखवलेलं अन्न खायचं की नाही, हा प्रश्न त्या मुलीनं तुमच्या दिवाणखान्यात उभा केलेला नाही. तो दोन हजार वर्षांचा आहे. ग्रीसमधल्या करिंथ गावच्या नव्या ख्रिस्ती मंडळींना हेच कोडं पडलं होतं, कारण बाजारातलं बरंचसं मांस देवळातून आलेलं असे. संत पौलानं त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यावर चक्क तीन अध्याय खर्च केलेत. त्यातलं एक सांगणं तर तुमच्या घरीच घडल्यासारखं आहे : कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं न विचारता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर मात्र खाऊ नका. इस्लाममध्येही, अल्लाहखेरीज दुसऱ्याचं नाव ज्यावर घेतलं गेलं ते खाऊ नये, असं कुराणाच्या दुसऱ्या सूरेत आहे. ते मुख्यतः कापलेल्या जनावराबद्दल आहे, मिठाईला कितपत लागू होतं यावर त्यांच्या आलिमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, मतभेद आहेत, आणि प्रसाद आनंदानं खाणारे मुसलमान तुम्हीही पाहिले असतील. ही मुलगी न खाणाऱ्यांतली आहे. तिच्या घरी तसं शिकवलं असेल, किंवा तिनं स्वतः ठरवलं असेल. तुमच्या मोदकात काही खोट आहे असं ती म्हणत नाही. तुमचा नैवेद्य खरा नैवेद्य आहे, नुसती मिठाई नाही, हे तिनं उलट तुमच्या शेजारणींपेक्षा जास्त मनावर घेतलंय.

तुम्ही चादर चढवलीत, मेणबत्ती लावलीत, मग तिनं एक घास का घेऊ नये, हा हिशेब वरवर सरळ दिसतो. पण बघा, चादर चढवताना तुम्हाला काय सोडावं लागलं? काहीच नाही. आपल्या देवघरात जागा कधी कमी पडत नाही. कुलदैवत आहे, इष्टदैवत आहे, गावाहून येताना कुणी बालाजी आणतं, तोही बसतो. एक पीर, एक मेरी माता आली तरी गणपती रुसत नाही. ते आपल्या धर्माचं वैभव आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण त्यात आपल्या खिशातून काही जात नाही. तिच्या धर्माचा सगळा डोलारा एकाच खांबावर उभा आहे : देव एक, त्याच्या बरोबरीला कुणी नाही. आपल्याला जो घास फुकट, तोच तिला त्या खांबाला हात लावून घ्यावा लागतो. आणि चादरीचं म्हणाल तर मुसलमानांतही दर्ग्यावर चादर चढवणं न पटणारे पुष्कळ आहेत. तिच्या घरचे त्यांतले असले तर तुमच्या चादरीचा तिला आनंद होईल असंही नाही.

आता शीरखुर्मा. ताई, तुम्हाला पकडायचं म्हणून लिहीत नाही. तुम्ही तो कंसात लिहिलात, म्हणून मी थांबले. दूध, शेवया, खारीक, चारोळी, साखर, तूप. त्यात मांसमच्छी काही नसतं. तो कुठल्या मूर्तीपुढे ठेवलेला नव्हता, त्यावर कुणाचं नाव घेतलेलं नव्हतं. तरी तुमच्या घशाखाली उतरला नाही. का उतरला नाही ते तुम्हालाच ठाऊक. भांड्याचा विचार आला असेल, मनाला नको वाटलं असेल. चालायचंच, मनाला एकदम शिकवता येत नाही. पण तुम्ही नाकारलंत ते तिला कळू न देता, आणि तिनं नाकारलं ते तोंडावर, हात जोडून. दोन्हीत जास्त विश्वास कुणी टाकला, हे तुम्हीच ठरवा.

माझी आजी सोवळ्यात असताना आम्ही नातवंडं शिवलो तर पुन्हा आंघोळ करायची. जानेवारीच्या थंडीत, आडाच्या पाण्यानं. तिचं आमच्यावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? चातुर्मासात ती बाहेर पाण्याचा थेंबही घ्यायची नाही, आणि ज्यांच्या घरी घेत नसे त्या शेजारणीच्या बाळंतपणात रात्र रात्र बसायची. आपल्या गल्लीतली जैन मंडळी सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, बटाट्याला हात लावत नाहीत. त्यांना आपण ‘एक कचोरी घ्या हो’ म्हणून गळ घालत नाही. पारशांबद्दल तर सगळा गुजरात ती दुधात साखर विरघळल्याची गोष्ट सांगतो. लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट आहे, गोडही आहे. पण ती साखर तितकीशी विरघळलेली नाही. दक्षिण गुजरातेतल्या उदवाड्याचा इराणशाह, म्हणजे पारशांचा पवित्र अग्नी, १७४२ पासून तिथे तेवतो आहे आणि आजही पारशी नसलेल्याला त्याच्या दर्शनाला आत जाता येत नाही. आपण बाहेरून हात जोडतो, तिथल्या हॉटेलात जेवतो आणि परत येतो. कुणी म्हणत नाही की पारशांनी अपमान केला.

इथे एक फरक मात्र मला जपून करायचा आहे. माझ्या आजीच्या सोवळ्याचं कौतुक करताना जीभ थोडी अडखळते ती त्यामुळेच. नियम स्वतःच्या ताटापुरता असतो तेव्हा एक गोष्ट. तोच दुसऱ्याच्या ताटावर, दुसऱ्याच्या अंथरुणावर गेला की वेगळीच. त्याची साक्ष आपल्याच गावात आहे. १९१७ साली डॉ. आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून बडोद्याच्या नोकरीला आले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी दहाबारा पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळच्या आत चालते व्हा म्हणाले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही कारण सांगून टाळलं. मग कमाटी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या दिवशी तीन धर्मांची दारं बंद झाली.

अग्यारीचं दार बंद असणं आणि वसतिगृहाचं दार बंद होणं, दोन्ही पारशांचंच. पहिल्यावर मी रागावत नाही. दुसरं शंभर वर्षांनीही वाचवत नाही. त्या मुलीनं मोदक नाकारला तो पहिल्या जातीचा नकार आहे. तुमचे यजमान जे म्हणताहेत ते दुसऱ्या जातीचं. त्यांना हे माझ्या शब्दांत सांगू नका, चिडतील. ते रोज फिरायला कमाटी बागेतच जात असतील. तिथे एखाद्या बाकावर बसून त्यांनाच ही हकीकत सांगा.

‘पण सगळं एकच म्हणणारे संतही होऊन गेले’ असं तुम्ही म्हणाल. होऊन गेले. एक तर आपल्याच गावचे. सूफी इनायत खाँ १८८२ साली बडोद्यात जन्मले, मौलाबक्षांचे नातू. ज्यांनी १८८६ मध्ये इथली गायनशाळा काढली तेच मौलाबक्ष. १९१० मध्ये इनायत खाँ वीणा घेऊन पाश्चात्त्य देशांत गेले आणि सगळ्यांचं सत्य एक हेच सांगत फिरले. १९२१ मध्ये त्यांनी एक सामुदायिक उपासना सुरू केली. त्यात वेगवेगळ्या धर्मांचे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवतात आणि प्रत्येक धर्माच्या नावानं मेणबत्ती वेगळी लावतात. एकच मोठी लावून भागलं असतं ना? त्यांनी तसं केलं नाही.

आणि आपले नाथमहाराज! एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद कधी पूर्ण वाचलाय का? शेवटी दोघं एकमेकांना भेटतात, तेवढंच लोक सांगतात. त्याआधी दोघं एकमेकांच्या देवाधर्माची अशी काही सालटी काढतात की आज कुणी लिहिलं तर पोलीस ठाण्यात जावं लागेल. साडेचारशे वर्षांपूर्वी पैठणच्या त्या माणसाला एक गोष्ट कळली होती : मिठीच्या आधी भांडण आहे, आणि भांडण लपवून मारलेली मिठी सैल असते.

तुम्ही भांडा असं म्हणत नाही. बोला. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आहे, कधी जुनागढला गेलात तर रोपवेच्या घाईत तो चुकवू नका. त्यातल्या बाराव्या लेखात तो सांगतो की जिभेवर ताबा ठेवा, उगाच स्वतःच्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नका, आणि एकमेकांचा धर्म ऐका. सगळे सारखे आहेत असं तो म्हणत नाही. ऐका म्हणतो. पंथाला तो ‘पाषंड’ म्हणतो, आणि तो शब्द तेव्हा अगदी साधा होता. आपण त्याचं पाखंड करून त्याची शिवी केली. सयाजीराव महाराजांनी आपल्या कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासाला प्राध्यापक नेमला होता. विठ्ठल रामजी शिंद्यांना तोच विषय शिकायला १९०१ साली ऑक्सफर्डला जाताना महाराजांनी मदत केली. वेगळेपण असल्याशिवाय तुलना कसली करणार, हे त्यांना समजत होतं.

तर आता करायचं काय.

एखाद्या दुपारी, यजमान झोपले असताना, तिला चहाला खाली बोलवा. ‘मला त्या दिवशी वाईट वाटलं’ असं सरळ सांगा. मनात ठेवून वागाल तर ती ओळखेल, मुलींना कळतं. मग विचारा, ‘आमच्याकडचं तुला काय चालतं, काय नाही?’ एवढंच. सगळ्या मुसलमानांच्या वतीनं तिनं उत्तर द्यावं अशी अपेक्षा करू नका, टीव्हीवर चाललेल्या वादांवर तिचं मत विचारू नका. ती भूगर्भशास्त्र किंवा रसायन शिकायला आली आहे, वकिली करायला नाही.

पुढच्या वर्षी उकड थोडी जास्त काढा. नैवेद्याचे एकवीस मोदक वळून, देवापुढे दाखवून झाले की उरलेल्या उकडीचे चार मोदक मागाहून वाफवा. ते देवापुढे नेलेले नसतात, म्हणजे प्रसाद नाही, नुसतं पक्वान्न. तिला तसं सांगून द्या. खाल्ले तर खाल्ले. नाही खाल्ले तरी तूप तुम्हालाच लागेल. मात्र न सांगता, फसवून, दाखवलेलेच देऊ नका. काही बायका तसं करतात आणि मग हसून सांगतात, ‘खाल्लान की नाही!’ मला त्याची चीड येते. आरतीला दाराशी उभी राहिली तेवढं पुष्कळ झालं. टाळ्या मोजू नका.

घरात मांसमच्छी शिजवायची नाही ही अट तुम्ही सुरुवातीलाच घातली असेल. ती रास्त आहे, घर तुमचं आहे. फक्त उद्या मालवणची किंवा बंगालची हिंदू मुलगी आली तर तिलाही तीच लावा. रोज्यांत पहाटे वरच्या खोलीत दिवा लागेल, थोडी खुडबुड होईल. चालवून घ्या, काकड आरतीला तुमचीही होतेच. पोलिसांत भाडेकरूची नोंद कुणाचीही करायची असते, तिचीही करून ठेवा, म्हणजे शेजारी ते निमित्त काढणार नाहीत. तरीही बोलले तर ‘मुलगी चांगली आहे’ एवढं म्हणून विषय सेव-उसळीवर न्या. त्यांना पटवत बसायची गरज नाही. भाडं ते देत नाहीत आणि तुमच्या गुडघ्याची गोळी आणायला रात्री दुकानात ते जात नाहीत.

राहता राहिला शीरखुर्म्याचा डबा. तुमच्या पत्रात तो परत केल्याचं कुठे लिहिलेलं नाही, म्हणजे अजून फडताळातच असणार. दिवाळी तोंडावर आहे. डबा रिकामा परत द्यायची आपल्यात पद्धत नाही, आणि चिवडा देवाला दाखवायच्या आधीच बाजूला काढून ठेवता येतो. तिला बहुतेक आपला बडोद्याचा ओलसर लीलो चिवडाच आवडत असेल, भरूचची म्हणजे आपल्यासारखीच अर्धी बडोद्याची. आधी विचारून घ्या.

– तुमची मावशी